घर, शनिवार-रविवार सोडून

कुरवंड्यात घराला रंग लागायचा तो लग्न निघालं तरच. निवृत्ती ओव्हाळांच्या घरात मात्र लग्न नसताना, सण नसताना काही ना काही चाललेलंच असायचं. कधी चौकटीवर कवड्या बसायच्या, कधी खिडकीला कारवीच्या काड्यांची झडप लागायची. नागफणीच्या वाटेनं जाणारी गावातली माणसं क्षणभर थांबत.

"काय निवृत्तीभाऊ, आज घराला काय घालताय? नथ का बुगडी?"

"बुगडी झाली मागल्याच म्हैन्यात," असं म्हणून निवृत्तीभाऊ हसायचे आणि पुन्हा कामात डोकं घालायचे.

दिवसभर त्यांचे हात लोखंडावर असायचे. बोरघाटात रेल्वेच्या रुळांवर ते गँगमन होते. खडी भरायची, बोल्ट आवळायचे, पावसाळ्यात दरड आली की भिजत पहार चालवायची. अशी तेहतीस वर्षं गेली. तळहात इतके राठ झाले होते, की चटका बसलेला कळायचा नाही. पण संध्याकाळी तेच हात वाळलेल्या भोपळ्याला दाभणानं एकेक भोक पाडत बसायचे. आत बल्ब लावला की भिंतभर ठिपक्यांची वेल उठायची. शकुबाई शेजारी वाकळ शिवत बसलेली असायची. मधेच मान वर करून ती म्हणायची, "डावीकडं दाट झालंय. जरा इरळ करा." आणि निवृत्तीभाऊ विरळ करायचे. या कामात तिची नजर त्यांच्यापेक्षा चांगली, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षातच मानलं होतं.

हे वेड त्यांना प्रवासानं लावलं होतं. रेल्वे पास द्यायची. बाकीचे गँगमन तो सासुरवाडीला जायला वापरत, नाहीतर वाया घालवत. निवृत्तीभाऊ पहिल्यांदा शकुबाईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. येताना शकुबाई सगळा वेळ खिडकीला नाक लावून बसली होती. घरी आल्यावर ट्रंक खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "ह्याच्या फुडं कुटं जाती हो गाडी?"

मग दरवर्षी एक गाव. त्यांची जायची तऱ्हाच निराळी होती. स्टेशनावर उतरायचं, आधी चहा प्यायचा, मग धर्मशाळा कुठं आहे ते विचारायचं. देवळं, किल्ले, बागा यांच्या यादीशी त्यांचं देणंघेणं नसायचं. बाजारात हिंडायचं आणि कुणी हातानं काही करत बसलेलं दिसलं, की त्याच्यासमोर बसायचं. जगदलपूरच्या बाजारात भोपळ्याचे दिवे करणाऱ्या एका म्हाताऱ्यासमोर ते तीन दिवस बसले. त्याची भाषा यांना कळेना, यांची त्याला. तिसऱ्या दिवशी शकुबाईनं आपल्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती बोटानं चाटली, डोळे मिचकावले आणि आपलं दाभण निवृत्तीभाऊंच्या हातात दिलं. भुजला शकुबाई आरशाचा टाका शिकली. चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेचा रंग कसा चढवतात ते दोघांनी दोन दिवस नुसतं बघितलं. दोन दिवसांत शिकण्यासारखं ते नव्हतं, पण बघायला कुणाची मनाई नव्हती.

अशी एकेका गावावरून घराची एकेक जागा सजत गेली. जमीन मात्र इथलीच. लोणावळ्यात बंगले उठत होते तेव्हा मागं टाकून दिलेल्या फरशांचे तुकडे दोघांनी पोत्यांनी आणले. एका उन्हाळ्यात, दोन्ही गुडघे जमिनीला टेकून, त्यांनी दारापासून चुलीपर्यंत निळ्या-पांढऱ्या तुकड्यांची नदी काढली. समोरच्या भिंतीवर सांचीहून आणलेला लाकडी बुद्ध होता आणि त्याच्यावर, निवृत्तीभाऊंनी स्वतः घडवलेल्या सागवानी चौकटीत, बाबासाहेबांचा फोटो. तो फोटो त्यांच्या वडिलांचा. वडील रोज जेवायला बसण्याआधी त्याला हात जोडायचे. निवृत्तीभाऊही जोडायचे.

आता राहिलं होतं आसाम. तिथं वेताचं काम पाहायचं होतं. शकुबाईला चहाचे मळे बघायचे होते. "आपुन आयुष्यभर घाट उतरताना च्या पेलो, पर त्यो उगवतो कसा ते न्हाई बघितलं," ती म्हणायची. त्यासाठी महिनाभर हवा होता आणि गँगमनला एवढी रजा कोण देणार? तेव्हा ठरलं होतं, रिटायर झाल्यावर.

निवृत्तीभाऊ रिटायर झाले त्याच महिन्यात देशातल्या सगळ्या गाड्या बंद झाल्या. बोरघाट इतका शांत त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. ते घरात बसले, भोपळे कोरत राहिले आणि म्हणाले, "जाईल ह्ये बी." ते गेलं. पण जाताना राजेंद्रची नोकरी घेऊन गेलं. राजेंद्र त्यांचा एकुलता एक मुलगा. आंबीच्या एका कारखान्यात नऊ वर्षं कंत्राटावर होता. एक दिवस गेटवरच्या यादीत नाव नव्हतं, एवढंच. सहा-सात महिने तो घरात बसून राहिला. कुणाशी धड बोलायचा नाही. बायको अनघा शिवणाची कामं आणायची. पोरगी शाळेत.

मग एक दिवस राजेंद्रनं मोबाइल काढून घराचे फोटो काढले. नदीचे, दिव्यांचे, खिडक्यांचे. जेवताना तो म्हणाला, "आबा, एक खोली पाहुण्यांना देऊ या. सुट्टीला लोक येतात मुंबई-पुण्याहून. त्यांना हॉटेल नको असतं, असं हातानं केलेलं घर हवं असतं. एकच खोली."

निवृत्तीभाऊंना आनंदच झाला. आपण जसे लोकांच्या गावात जाऊन बसलो, तसे कुणी आपल्याकडं येऊन बसतील. ते म्हणाले, "येऊ दे की. मानसं आली तर घर घर वाटतंय."

पहिले पाहुणे खरंच चांगले होते. पुण्याचे एक वयस्क नवरा-बायको. त्यांनी नदीवरून अनवाणी चालून बघितलं. रात्री निवृत्तीभाऊंनी त्यांना जगदलपूरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. जाताना त्या बाई शकुबाईचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. निवृत्तीभाऊंना पुढं कित्येकदा वाटलं, की ते दोघं पहिल्यांदा यायलाच नको होते. ते आले नसते, तर आपण लवकर सावध झालो असतो.

कारण मग दुसरी खोली गेली. मग राजेंद्र म्हणाला, "लोकांना अख्खं घर हवं असतं, आबा. घरात मालक असले की त्यांना मोकळं वाटत नाही. शुक्रवार ते सोमवार फक्त. मागची शेळ्यांची पडवी मी पत्रे टाकून नीट करून देतो." त्यानं ती खरंच नीट केली. फरशी घातली, पंखा लावला. शेळ्या कधीच विकल्या होत्या, पण पावसाची हवा सुटली की वास यायचा. राजेंद्र, अनघा आणि पोरगी लोणावळ्यात अनघाच्या बहिणीकडं झोपायला जात. घरावर नवी पाटी लागली, 'मावळ मड हाऊस'. निवृत्तीभाऊ म्हणाले, "आरं, भिंती इटांच्या हायत. वरनं गिलावा मातीचा हाय नुस्ता." राजेंद्र म्हणाला, "लोकांना माती आवडते."

लोकांना काय काय आवडतं ते हळूहळू कळत गेलं. लोकांना चुलीवरची भाकरी आवडायची. गॅस असताना शकुबाई अंगणात चूल पेटवून भाकऱ्या थापू लागली. पाहुणे मोबाइल धरून भोवती उभे राहत. एकदा एक मुलगी म्हणाली, "मावशी, तुम्ही नऊवारी का नाही नेसत? फोटोत छान दिसेल." पुढच्या आठवड्यात राजेंद्रनं दोन नऊवारी लुगडी आणली. शकुबाईनं जन्मभर पाचवारीच नेसली होती. शुक्रवारी ती आरशासमोर उभी राहून कासोटा घालत होती, तो सुटत होता.

"माझी आय नेसायची असलं," ती म्हणाली. "मी आता आयची नक्कल करतीय, लोकांसाठनं."

"नको नेसू मग," निवृत्तीभाऊ म्हणाले.

"पोराला बरं वाटतंय. नेसते. चार दिस."

आसामचा विषय निघाला की राजेंद्र म्हणायचा, पावसाळा होऊ द्या, हाच तर सीझन. मग दिवाळीची सुट्टी आली, मग नाताळ, मग मे महिना. सीझन नसलेला महिना शोधूनही सापडेना. पाहुण्यांच्या चादरी धुवायला शकुबाई लागायची आणि दिव्यांचे फुटलेले भोपळे बदलायला निवृत्तीभाऊ. पहिल्या वर्षीचा पास तसाच संपला. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो काढलाच नाही.

त्याच हिवाळ्यात ती घटना घडली. एक मोठं कुटुंब आलं होतं, आठ-दहा माणसं. दुपारी पोचली, घरभर हिंडली, वा वा झालं. त्यातले एक गृहस्थ समोरच्या भिंतीपाशी उभे राहिले. फोटोकडं बघितलं, मग राजेंद्रला विचारलं, "तुमचं आडनाव काय म्हणालात?" राजेंद्रनं सांगितलं. ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं त्यांच्या घरातल्या बाई अंगणात आल्या आणि चुलीपाशी बसलेल्या शकुबाईला म्हणाल्या, "आमच्यासाठी नका करू हं स्वयंपाक. आज आमचा सगळ्यांचा उपास आहे." शकुबाईनं मळलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं. तासाभरानं बाजाराकडून हॉटेलच्या जेवणाच्या पिशव्या आल्या. सकाळी, एक दिवस आधीच, ती मंडळी निघून गेली. कुणीही एक शब्द वाकडा बोललं नव्हतं. दोन दिवसांनी मोबाइलवर त्यांचा अभिप्राय आला, की घर सुंदर आहे, पण जेवणाची सोय आमच्या पद्धतीची नव्हती.

पुढच्या सोमवारी निवृत्तीभाऊ घरात आले तर भिंतीवर नुसता चौकोन होता. बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. खाली बुद्ध तसाच होता.

"राजा, बाबासाहेब कुटं गेलं?"

"मागं ठेवलाय फोटो. चादरीत नीट गुंडाळून ठेवलाय, आबा."

"का?"

राजेंद्र चादरी गोळा करत राहिला. "लोक विचारतात. तोंडानं नाही विचारत, पण विचारतात. परवाचे लोक का गेले, कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं की. म्हनून तर इचारतोय."

"बुद्ध ठेवलाय ना तिथंच. बुद्ध सगळ्यांना आवडतो."

निवृत्तीभाऊंनी भिंतीवरच्या उजळ चौकोनावर तळहात ठेवला. "माझ्या बापाला हिरीवर चढू देत न्हवते," ते म्हणाले. "त्यानं ह्यो फोटो पावसात टोपीखाली धरून लोनावळ्यास्नं आनला. त्याच्या घरातनं त्यो कुनी काढला न्हाई आजवर. तू काढलास."

राजेंद्रनं चादरी खाली टाकल्या. "मला गोड लागलं का ते करताना? नऊ वर्षं कारखान्यात मान खाली घालून काम केलं, तरी काढलंच ना मला? आता हे चाललंय तर चालू दे. पोरगीला शिकवायचंय. फोटो मनात असला म्हणजे झालं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते निवृत्तीभाऊंना दिसलं. पण राजेंद्रनं फोटो परत लावला नाही आणि निवृत्तीभाऊंनीही हातोडी उचलली नाही. त्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

फोटो शकुबाईनं पडवीत लावला. पत्रे खाली असल्यानं तो थोडा पुढं झुकलेला राहायचा. "ऱ्हाऊ द्यात," ती म्हणाली. "हितं आपल्याकडं बघत्यात तरी."

त्या दिवसापासून निवृत्तीभाऊंनी नवीन काही केलं नाही. फुटलेला भोपळा बदलायचा असला की ते म्हणत, "इकत आन." राजेंद्रनं विकतचे प्लास्टिकचे दिवे आणले. पाहुण्यांना फरक कळला नाही.

पुढच्या जुलैतली गोष्ट. रविवार होता, धुकं खाली उतरलं होतं आणि घरात बारा पाहुणे. सकाळी भाकऱ्या थापताना शकुबाईनं छातीवर हात ठेवला. भिंतीला पाठ लावून बसली. घामानं लुगडं भिजलं. निवृत्तीभाऊ धावत आले, तर तीच म्हणाली, "तव्यावरची काढा आधी, करपतीय."

राजेंद्रनं गाडी काढली. अनघाला मागं राहावं लागलं, बारा माणसांची पानं वाढायची होती. निवृत्तीभाऊ मागच्या सीटवर शकुबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. गावाबाहेर वळण घेतलं आणि गाडी थांबली. पुढं गाड्याच गाड्या. दोन्ही बाजूंनी. पावसाळी रविवारची गर्दी, धरणाकडं, नागफणीकडं, जिथं जागा मिळेल तिथं गाडी उभी करून उतरलेली. कुणी कणसं खात होतं. एका गाडीच्या टपावर गाणी लावून पोरं नाचत होती. राजेंद्र हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता. खाली उतरून त्यानं दोन-तीन गाड्यांच्या काचा ठोठावल्या. एकानं काच खाली करून विचारलं, "अहो, आम्ही तरी कुठं जाणार?" आणि ते खरंच होतं. एक बाई मात्र खाली उतरली, पावसात पुढं चालत जाऊन गाड्या बाजूला घ्यायला लावू लागली. तिच्यामुळं दोन वळणं सुटली.

"लय मानसं आली," शकुबाई डोळे मिटूनच म्हणाली.

"व्हय. सुट्टी हाय."

"समदी फिराया?"

"व्हय, शकू. गप पड आता."

पाच किलोमीटरला सव्वा तास लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळे बघितले आणि राजेंद्रला बाजूला नेलं. निवृत्तीभाऊंना कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटच्या वळणावर मांडीवरचं डोकं जड झालेलं त्यांना कळलं होतं.

दुपारी तिला घरी आणलं. अनघानं पाहुण्यांना सांगितलं होतं. त्यांनी निमूट सामान भरलं आणि मान खाली घालून ते निघून गेले. शकुबाईला त्या निळ्या-पांढऱ्या नदीवर ठेवलं. निवृत्तीभाऊंनी पडवीतून फोटो आणून तिच्या उशाशी उभा केला. राजेंद्रनंच मेणबत्ती लावली आणि तो हमसून रडला.

सातव्या दिवसाचा जलदान विधी शनिवारी यायचा होता. तो गुरुवारी उरकला.

"शनिवारचं बुकिंग तीन महिन्यांपूर्वीचं आहे, आबा," राजेंद्र म्हणाला. बोलताना त्याला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. "रद्द केलं की घर मोबाइलवरच्या यादीत खाली जातं. मग कुणी येत नाही."

"बरं," निवृत्तीभाऊ म्हणाले.

शुक्रवारी अनघा बिछाने घालत होती. तिनं पेटीतून शकुबाईची आरशाच्या टाक्याची वाकळ काढली आणि मधल्या खोलीच्या पलंगावर पसरली. निवृत्तीभाऊ दारात उभे होते. अनघाच्या ते लक्षात आलं तशी ती चपापली. "मामंजी, काढते मी. माझ्या ध्यानातच आलं नाही."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वाकळ अंगावर घ्यायलाच असती." मग पडवीत गेले, दोन सदरे आणि टॉवेल पिशवीत भरले आणि बसथांब्याकडं चालू लागले. अनघा मागून हाका मारत होती. ते थांबले नाहीत.

तेव्हापासून हेच चाललंय. शुक्रवारी दुपारी पाहुणे यायच्या आधी निवृत्तीभाऊ निघतात आणि सोमवारी चादरी वाळत पडल्यावर परततात. पासष्ट झाल्यापासून एसटीचं अर्धं तिकीट पडतं. कधी वाईला जातात, कधी फलटणला, कधी जुन्नरला. धर्मशाळेत नाहीतर विहारात उतरतात. राजेंद्रनं सुरुवातीला विनवण्या केल्या. मग तो दर शुक्रवारी त्यांच्या पिशवीत गुपचूप खर्चाचे पैसे ठेवू लागला. दोघांनाही ते सोपं वाटलं असावं.

मागं फलटणजवळ एका वाडीत ते घोंगडी विणणाऱ्या माणसासमोर बसले होते. दोन तास झाले तरी उठेनात, हे पाहून त्या माणसानं माग थांबवला. "हात कामाचा दिसतोय तुमचा, आबा. बसा. चार ओळी विणून बघा. शिकवतो."

निवृत्तीभाऊंनी मागाच्या ताणलेल्या दोऱ्यांवरून एकदा हात फिरवला. "शिकून नेऊ कुटं?" ते म्हणाले. त्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू येत नसावं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

गावात मात्र त्यांचा हेवा करणारे पुष्कळ आहेत. गेल्या शुक्रवारी थांब्यावर कोंडाजी भेटला. गुडघे धरून बाकावर बसला होता.

"आज कुनीकडं?" त्यानं विचारलं.

"बगू. जी येईल ती."

"मजा हाय बाबा तुमची. पोरगं कमावतंय, घर असं झ्याक, मोबाइलात झळकतंय. आन तुमी आपलं फिरताय राजावानी."

"व्हय," निवृत्तीभाऊ म्हणाले.

तेवढ्यात कुरवंड्याच्या चढावर चार गाड्या एकामागं एक आल्या. पहिल्या गाडीतल्या मुलानं काच खाली केली आणि मोबाइल पुढं करून विचारलं, "काका, हे मड हाऊस इथंच आहे ना?"

निवृत्तीभाऊंनी उजव्या हातानं वळण दाखवलं. "सरळ जा. शाळंपासनं डावीकडं. दारातच पाटी हाय."

गाड्या पुढं गेल्या. मग बस आली. तिची पाटी न वाचताच ते चढले.